सांधणीच्या दिवसांतली कादंबरी

आयुष्यात मी पुष्कळ पुस्तकं वाचली. लोकांनी "हे वाचायलाच हवं" म्हणून हातात दिलेली जाडजूड पुस्तकं वाचली, आणि खरं सांगायचं तर त्यातली निम्मी अर्ध्यावर टाकली. पण वाचनाची गोडी कशी लागली असं कुणी विचारलं, की मला एका पातळशा विनोदी प्रेमकथेकडंच बोट दाखवावं लागतं. तिचं नाव मला ठाऊक नाही, कारण पहिली चार पानं गेलेली होती. विचारणाऱ्याचा चेहरा जरा पडतो. त्याला काहीतरी भारदस्त ऐकायचं असतं. त्यात मी ते पुस्तक वाचताना एकदाही हसले नाही, हे सांगितलं की त्याला मी चेष्टाच करते आहे असं वाटतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि विधवा होऊन शहापुरात वडिलांच्या घरी परत आले होते. माझं सासर चिकोडीचं. लग्नाला दोन वर्षं झाली आणि नवरा विषमज्वरानं अकरा दिवसांत गेला. दिवसकार्य उरकल्यावर दोन्हीकडची मंडळी बसली आणि त्यांनी एक ठरवलं. वर्षश्राद्ध झालं की दीर मला न्यायला येईल. मी चार लोकांसमोर स्वतःच्या तोंडानं "येत नाही" म्हटलं, तर मला माहेरी राहू द्यायचं. गप्प राहिले किंवा हो म्हटलं, तर जायचं, आणि मग जन्म तिथंच काढायचा. सासूचे गुडघे धरले होते, थोरली जाऊ वेगळी निघाली होती, चुलीपुढं माणूस हवं होतं. ती माणसं वाईट नव्हती. पण त्या घरात बाईला चूल, आड आणि माजघराचा कोपरा एवढंच होतं, आणि विधवेला त्यातला कोपराही मागचा.

ही अट आप्पांनीच, म्हणजे माझ्या वडिलांनीच घातली होती. पोरीच्या मर्जीशिवाय काही नाही, असं ते भर बैठकीत म्हणाले होते. त्यांना वाटलं असणार, पोरगी नाहीच म्हणेल. घरी आल्यावर महिनाभरानं त्यांनी मला विचारलं.

"जातीस काय गं परत?"

"न्या," मी म्हटलं.

"न्या न्हवं. तू जातीस काय?"

"व्हय."

ते उठले आणि विणायच्या मागावर जाऊन बसले. आपलाच शब्द, तो मोडायचा कसा, आणि मुलीच्या तोंडात आपले शब्द कोंबायचे तरी कसे? त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मात्र माझ्याकडं बघायचे, ते मला जाणवायचं.

मला जायचं होतं असं नाही. राहायचं होतं असंही नाही. मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. भाकरी करताना बोट भाजलं तर ते वहिनीनं ओरडून सांगितल्यावर कळायचं. कालवणात मीठ पडायचं राहिलं तरी मी निमूट जेवून उठायचे. आळीतल्या बायका समाचाराला यायच्या, डोळ्याला लावायला पदर आधीच हातात धरून बसायच्या, आणि मी रडत नाही म्हणून त्यांचा हिरमोड व्हायचा. "पोरगी पार दगूड झालीया," म्हणायच्या. मला ते खरं वाटायचं. मी दिवसभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायचे. भरलेली कांडी मागाच्या धोट्यात जायची, आप्पा आणि माझा भाऊ अण्णा विणायचे, पुन्हा रिकामी माझ्याकडं यायची. दिवस मोजायची गरज पडत नसे.

वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं असताना आप्पांकडं निपाणीहून एका लग्नाच्या लुगड्याचं काम आलं. तंबाखूचे व्यापारी, जैन घर, घरात निम्मं कानडी निम्मं मराठी बोलणारं. हिरवं अंग, आणि काठाला लाल-पिवळी नक्षी. नवरीच्या आईनं काठ स्वतः सांगितला होता. त्यासाठी मागावर नवा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, चढवायचा होता.

ज्यांनी माग पाहिला नाही त्यांना हे काम सांगायला हवं. जुना ताणा संपत आला की त्याची टोकं मागावर तशीच ठेवतात, आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेक टोकाला पिळून जोडतात. त्याला सांधणी म्हणायचे. बोटाला राख लावायची, दोन टोकं जुळवायची, पीळ द्यायचा, की पुढचा धागा. असे हजारो. दोन बायका समोरासमोर बसल्या तरी तीन-चार दिवस सहज जातात. डोळे आणि बोटं गुंतलेली, कान आणि तोंड मोकळी. त्यामुळं आळीतली निम्मी भांडणं सांधणीला बसून लागलेली आणि निम्मी तिथंच मिटलेली.

लग्नाआधी आळीत माझ्याइतकी भरभर सांधणी कुणी करत नसे. पण लग्नाच्या लुगड्याच्या ताण्याला विधवेचा हात लागत नाही. कुणी मला तसं बोलून दाखवलं नाही. वहिनीनं नुसता माझा पाट उचलला, भिंतीकडं सरकवला आणि खाली मान घालून राख चाळायला लागली. तिच्या जोडीला शेजारची आक्का आली. आक्का साठीची, कपाळावर हे एवढं कुंकू, तोंडात तीळ भिजायचा नाही. मी भिंतीला टेकून बसले. वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

वहिनीला मात्र वाटलं. तिला अक्षर येत नव्हतं, मी चौथी शिकलेली. अण्णा वाचनालयाचा वर्गणीदार होता आणि माझ्यासाठी अधूनमधून पुस्तकं आणायचा. सगळी वैराग्याची. देह नाशवंत आहे, हे मला त्यानं वर्षभरात पाच पुस्तकांतून कळवलं. वहिनी त्याला म्हणाली, "आता मेल्याली माणसं नसल्यालं काय तरी आणा. आम्हाला सांधणीला वाचून दाखवतील की वन्सं."

अण्णानं दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या आत लपवून एक पुस्तक आणलं आणि माझ्या पुढ्यात टाकून तो जो बाहेर गेला तो जेवायलाच आला.

ती गोष्ट पुण्यातली. एक तरुण कारकून मुलगी बघायला जातो आणि चुकून शेजारच्याच घरात शिरतो. घरात एक मुलगी आणि तिचे बहिरे आजोबा. मुलीच्या पहिल्या मिनिटातच लक्षात येतं, की हा गडी चुकलाय. पण तिला दुपारचा कंटाळा आलेला असतो, म्हणून ती त्याला पोहे करून घालते. तो विचारतो, "स्वयंपाक येतो का?" ती विचारते, "तुम्हाला येतो का?" तो विचारतो, "शिवण?" ती म्हणते, "तुमच्या कोटाचं बटण तुटलंय, ते तुम्हीच लावता की कुणी?" असं चालतं. दोन वेळा पोहे खाऊन, मुलगी पसंत आहे असं बहिऱ्या आजोबांना ओरडून सांगून तो बाहेर पडतो, आणि जिन्यावर त्याला कळतं की शेजारच्या घरात त्याची वाट बघून मंडळी संतापून गेली आहेत. तिथून पुढं सगळं पुस्तक म्हणजे त्या मुलीच्या घरात पुन्हा शिरायला त्यानं शोधलेली निमित्तं. छत्री विसरतो. विजेचं मीटर तपासायला आलोय म्हणून सांगतो आणि दिव्याच्या बटणाला हात लावायला घाबरतो. ती त्याला तीन वेळा नाही म्हणते, आणि तिन्ही वेळा तिला कुणी रागावत नाही.

मी हे सगळं तलाठ्यानं उतारा वाचावा तसं वाचलं. आवाज चढला नाही की उतरला नाही. त्यानं वहिनी आणि आक्का जास्तच हसायच्या. मी थांबायचे, त्यांचं हसू ओसरायची वाट बघायचे, पुढचं वाक्य वाचायचे, की पुन्हा तेच. आक्कानं पहिल्या दिवशी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. "रांडमुंड पोरीनं ह्ये असलं वाचायचं काय? जग काय म्हणंल?" तासाभरानं तिचाच पदर डोळ्याला लागला होता, हसून हसून. पलीकडच्या मागावर आप्पा दुसरं लुगडं विणत होते. ते आमच्याकडं पाठ करून बसायचे आणि आपण ऐकतच नाही असं दाखवायचे. पण तो कारकून जिन्यात पाऊल टाकायला लागला की त्यांच्या मागाचा खटखटाट थांबायचा. एकदा धागा तुटला म्हणाले. एकदा कांडी संपली म्हणाले, आणि कांड्यांची टोपली तर माझ्याच शेजारी भरलेली होती; ती घ्यायला मात्र उठले नाहीत.

हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण ते दुसऱ्याच्या अंगणात चाललं होतं. मला नवल वाटायचं ते निराळ्याच गोष्टीचं. ती दोघं बोलत होती. पोह्यांवर, छत्रीवर, बटणावर, एक पुरुष आणि एक बाई दिवसाढवळ्या समोरासमोर बसून बोलत होती, आणि एकमेकांचं बोलणं पुरं ऐकून घेत होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी गोष्ट अशा ठिकाणी आली, की मुलीचे वडील अचानक गावाहून येतात आणि मुलगी कारकुनाला स्वयंपाकघरामागच्या कोठीत ढकलून कडी लावते. कोठीत मिरच्यांची पोती. कारकुनाला शिंक येते. शिंकला तर मेला. तो नाक धरतो, श्वास धरतो, देव आठवतो, आणि बाहेर मुलीचे वडील नेमके कोठीच्या दाराला पाठ लावून बसतात आणि चहा मागतात. वहिनीनं हसता हसता कपाळ मागाच्या दांडीवर टेकलं होतं. आक्काला उचकी लागली होती. दोघींची बोटं मात्र सवयीनं चाललीच होती.

मी पान उलटायला मान वर केली आणि माझी नजर ताण्यावर गेली.

"काठ चुकला," मी म्हटलं.

दोघी थांबल्या. मी आपणहून काही बोलले त्याला कित्येक महिने झाले असतील. वहिनी माझ्याकडं बघत राहिली, ताण्याकडं बघायचं तिला सुचलंच नाही. हसण्याच्या भरात दोघींनी काठातले लाल धागे पिवळ्यांना आणि पिवळे लालांना जोडले होते. लुगडंभर नक्षी उलटी पडली असती, तीही नवरीच्या आईनं स्वतः सांगितलेल्या काठावर. जिथं विणकराची बाई हसते तिथं लुगड्यात दिसतं, असं आमच्याकडं म्हणायचे, ते काही उगाच नाही.

आप्पा उठून आले. वाकून बघितलं. सोडवायचं काम जोडण्यापेक्षा अवघड. पीळ उलटा फिरवताना धागा तुटला की संपलंच. वहिनीनं हात मागं घेतले. आप्पा माझ्याकडं वळले.

"तूच सोडव."

"लग्नाचं लुगडं हाय," आक्का म्हणाली. तिची उचकी थांबली होती.

"सुताला काय कळतंय कुणाचा हात त्ये," आप्पा म्हणाले. "आणि कुणी इचारलंच, तर मी सांगीन कुणाचा ते."

मी पुस्तक पालथं ठेवलं, बोटाला राख लावली आणि बसले. हातांना सगळं आठवत होतं. संध्याकाळपर्यंत चुकलेला काठ सोडवून पुन्हा जोडला, आणि मग आप्पांनी मला उठूच दिलं नाही. राहिलेली सांधणी मी आणि वहिनीनं करायची असं ठरलं. यात एक घोटाळा झाला. रात्री दिव्याचं तेल जपायचं, दुपारी अण्णा पेठेत, म्हणजे वाचणारी मी एकटी, आणि माझे हात आता गुंतलेले. पुस्तक पालथंच राहिलं. दोन दिवस तो कारकून कोठीत शिंक दाबून बसला.

आणि त्या दोन दिवसांत मला काहीतरी व्हायला लागलं. धागा जोडता जोडता मला वाटायचं, शिंकला असेल का? मुलीचे वडील उठले असतील का? मला चुटपूट लागली. वर्षभरात मला पहिल्यांदा काहीतरी हवं होतं, आणि ते होतं एका कारकुनाची शिंक. हे मी कुणाला सांगितलं नाही, सांगणार काय?

त्या चुटपुटीबरोबर दुसरंही एक आलं. चिकोडीच्या घरात दिवसा नवरा-बायकोनं बोलायची पद्धत नव्हती. एकदा भर दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते, तर तो कापडाच्या दुकानातून मधेच घरी आला, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाला, "एक गंमत सांगू?" मी पदर ओढला. आतून सासूच्या पायांचा आवाज आला, आणि मी घासलेली भांडी उचलून आत निघून गेले. तो मागं हसल्याचं ऐकू आलं. मग राहूनच गेलं. त्याला काय सांगायचं होतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. इतकंच नाही, मला त्या दोन वर्षांत कधी ते जाणून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. आता वाटत होतं, आणि ती गंमत कुठल्याच वाचनालयात मिळणार नव्हती. धाग्याला पीळ देताना माझं बोट राखेखाली चरचरलं. सूत कापतं, हे मी विसरले होते.

शेवटचे धागे राहिले होते त्या सकाळी दीर आला. पहिल्या सर्व्हिस मोटारीनं, बरोबर त्याचा मामा. वर्षश्राद्ध आदल्या आठवड्यात चिकोडीला झालं होतं. अण्णा आळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून आला. घोंगडी अंथरली, चहा झाला. मी वहिनीबरोबर मागाजवळच बसले होते, हात राखेनं भरलेले. आक्का, तिचं तिथं काही काम नसताना, दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मामा रीतीनं बोलले. दीर खाली बघत होता. त्यालाही हे सगळं अवघड जात असावं. मग वडीलधाऱ्यांपैकी एकजण माझ्याकडं वळले.

"बोल बाई. जातीस न्हवं?"

आप्पा भिंतीकडं बघत होते. त्यांच्या मानेची शीर उडत होती, ती मला दिसली. मी "व्हय" म्हणायलाच तोंड उघडलं. वर्षभर तोच शब्द तोंडात होता.

"न्हाय," मी म्हटलं. "पुस्तक व्हायचंय अजून."

हे कुठून आलं ते मला स्वतःलाच कळेना. दुसरं कारण शोधलं, ते मिळेना. हेच एक खरं होतं.

"कसलं पुस्तक?" मामांनी विचारलं. पोथी असावी असं त्यांना वाटलं असणार. अण्णानं छताकडं बघितलं. वहिनीनं पदर तोंडात धरला.

दारातून आक्का म्हणाली, "व्हय की. त्ये पोरगं दोन दिस शिंक दाबून बसलंय कोठीत. त्याला तसंच सोडून कशी जाईल ती?"

दिरानं मामाला कानडीत काहीतरी विचारलं. मामांनी खांदे उडवले. ज्यांनी मला प्रश्न केला होता ते वडीलधारे जरा घोटाळले, मग आप्पांकडं बघून म्हणाले, "म्हंजे पुस्तक झालं की जाईल, असं म्हणायचं काय?"

आप्पा माझ्याकडं वळले. त्यांना काय दिसलं ते मला माहीत नाही.

"त्ये झालं की दुसरं आणू," ते म्हणाले.

मुलीनं न्हाय म्हटलं होतं, स्वतःच्या तोंडानं, चार लोकांसमोर. कारण काय द्यायचं ते अटीत नव्हतं. दीर उठला. जाताना माझ्याजवळ क्षणभर थांबला आणि म्हणाला, "वैनी, ऱ्हावा हितंच. आईला मी सांगतो." त्याचा आवाज त्याच्या भावासारखा होता. हेही मला त्या दिवशीच कळलं.

दुपारी शेवटचा धागा जोडून झाला. मी हात धुतले आणि पालथं पुस्तक उचललं. आक्का न बोलावता येऊन बसली होती. आप्पांनी धाग्याचं नि कांडीचं निमित्त सोडून सरळ आमच्याकडं तोंड केलं. मी वाचायला लागले. मुलीच्या वडिलांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि कोठीत कारकून शिंकला. एकदा नाही, पाच वेळा. वहिनी आडवी झाली. आप्पा हसले, आई गेल्यापासून त्यांना मोठ्यानं हसताना मी बघितलं नव्हतं.

वडील उठून कोठीची कडी काढतात. मिरच्यांनी लालबुंद झालेला कारकून बाहेर येतो आणि म्हणतो, "मला तुमच्या मुलीला काही सांगायचं आहे." आणि मुलगी म्हणते, "सांगा. मी ऐकतेय."

तिथं माझा आवाज फुटला. अक्षरं दिसेनात. मी रडायला लागले, आळीभर ऐकू जाईल असं, नवऱ्यासाठी, त्याला जाऊन वर्ष उलटल्यावर. वहिनी घाबरून उठली. आप्पांनी तोंड फिरवलं. आक्का सरकत सरकत माझ्याजवळ आली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ फिरवत राहिली. मग तिनं पुस्तक माझ्या हातात नीट धरून दिलं.

"रड बाई, पोटभर रड," ती म्हणाली. "पर थांबू नगं. रडत रडत वाच."